संख्याशास्त्राच्या जोडीला मोडी

पदवीला मेजर, म्हणजे मुख्य विषय, संख्याशास्त्र, पण मायनरला, म्हणजे दुय्यम विषयाला, मी इतिहास घेतला. २०२० च्या शैक्षणिक धोरणामुळे दुसऱ्या शाखेतला विषय घेता येतो, तरी आई म्हणालीच, "अगं, कॉम्प्युटर घे, नोकरीला उपयोगी पडेल." मी हट्ट सोडला नाही. आजोबांच्या ट्रंकेत पणजोबांचे मोडी या जुन्या मराठी लिपीतले कागद पडून होते आणि घरात ते कुणालाच वाचता येत नव्हते. म्हणून मोडीही शिकायला लागले.

मोडीत आधी ओळभर रेघ ओढायची, मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जायची. शब्द सुटे नाहीत, पूर्णविराम नाही, ऱ्हस्व-दीर्घही पाळलेलं नाही. सगळं संदर्भावरून लावायचं. परवा रात्री एका कागदावरचं 'बांधावरील आंबा' एवढं लागलं. तो आंबा अजून आमच्या बांधावर उभा आहे. मी आईला झोपेतून उठवून दाखवलं.