घटस्फोट कोर्ट देतं, बाकीचं सगळं आपण लिहून घ्यायचं असतं: माझा अनुभव

माझी पुण्यातल्या फॅमिली कोर्टातली केस संपून डिक्री, म्हणजे घटस्फोटाचा अंतिम हुकूम, हातात आली तेव्हापासून ओळखीतल्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीतल्या बायकांचे फोन येतात आणि जवळजवळ प्रत्येकीचा पहिला प्रश्न एकच असतो, फ्लॅटमध्ये मला निम्मा वाटा मिळेल ना? म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतेय, फोनवर अर्धवट सांगून कोणाचं नुकसान व्हायला नको.

तर नाही, आपोआप मिळत नाही. आपल्याकडे १९५५ चा हिंदू विवाह कायदा आहे त्यात लग्नानंतर कमावलेल्या मालमत्तेची निम्मी निम्मी वाटणी करा असं कुठेही नाही. घर ज्याच्या नावावर त्याचं, दोघांच्या नावावर असेल तर दोघांचं, आणि मग कोणी किती पैसे भरले त्याचे पुरावे काढत बसायचं. कलम २७ आहे पण ते लग्नात दोघांना मिळून दिलेल्या वस्तूंपुरतं. गोव्यात मात्र वेगळं आहे, तिथे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालतो आणि लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता एकत्र धरली जाते आणि घटस्फोटात निम्मी निम्मी होते. माझी एक मैत्रीण म्हापशाची आहे, तिला माझी फ्लॅटची काळजी कळायचीच नाही, ती म्हणायची अगं त्यात भांडायचं काय आहे. पण आपण महाराष्ट्रात. इथे तुमचं स्त्रीधन मात्र पूर्णपणे तुमचं, माहेरचं असो की सासरच्यांनी घातलेलं असो, सुप्रीम कोर्टाने १९८५ मध्येच सांगितलंय की नवऱ्याच्या किंवा सासूच्या कपाटात ठेवलं म्हणून ते त्यांचं होत नाही.

मी सुरुवातीला परस्पर संमतीने नव्हतेच गेले, नवरा तयार नव्हता, म्हणून क्रूरतेच्या मुद्द्यावर अर्ज टाकला. एक गोष्ट बऱ्याच जणींना माहीत नसते की महाराष्ट्रात घटस्फोट, पोटगी, मालमत्तेचे वाद यात बाईला कोर्ट फी माफ आहे, १९९४ पासून. समन्स गेलं, त्याने कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, दिलं, त्यात माझ्याबद्दल जे लिहिलं होतं ते वाचून दोन रात्री झोप नव्हती, पण माझ्या वकील मॅडम म्हणाल्या, "हे वाचून बाजूला ठेव, आता खरं काम अ‍ॅफिडेव्हिटचं आहे."

आणि ते खरंच होतं. सुप्रीम कोर्टाने रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालात पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं असं ठरवून दिलंय, त्याचा नमुनाही दिलाय, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची हेही त्यातच आहे. हा फॉर्म मोठा असतो आणि कंटाळवाणा वाटतो, पगार, एफडी, पीएफ, म्युच्युअल फंड, गाडी, सोनं, कोणाकडून घेतलेले पैसे, महिन्याचा किराणा, मुलीची फी, सगळं. मी हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली अंतरिम, म्हणजे केस चालू असतानाची, पोटगी मागितली होती म्हणून त्यालाही भरावा लागला. लग्नाच्या इतक्या वर्षांत त्याच्याकडे नेमकं किती आहे हे मला पहिल्यांदा त्या कागदावर दिसलं. माझी एसआयपी त्यालाही पहिल्यांदाच कळली. माझं स्पष्ट मत आहे की आमची तडजोड काउन्सिलिंगमुळे जेवढी झाली तेवढीच या प्रतिज्ञापत्रामुळे झाली, कारण आकडे टेबलावर आल्यावर हवेतलं बोलणं बंद झालं. त्यामुळे वकिलाच्या ज्युनिअरकडे कागद देऊन भर रे तू असं करू नका, स्वतः बसा, पासबुकं घेऊन बसा.

काउन्सिलरकडे प्रत्येकाला पाठवतातच, फॅमिली कोर्टाच्या १९८४ च्या कायद्यातच आहे की आधी समेटाचा प्रयत्न करायचा. मला भीती होती की परत नांदायला जा म्हणून मागे लागतील. तसं झालं नाही. तिथे बोललेलं गोपनीय असतं, काउन्सिलरला साक्षीला बोलावता येत नाही, त्यामुळे मोकळं बोला. आमच्या काउन्सिलर मॅडमनी आधी दोघांना वेगवेगळं ऐकलं, मग एकत्र बसवलं आणि आम्ही पुन्हा जुन्या गोष्टींवर आलो तसा एक कोरा कागद मधे सरकवला आणि म्हणाल्या, "तुमचं राहू द्या थोडा वेळ, मला मुलीचा आठवडा सांगा. सोमवारी सकाळी डबा कोण करतं, बसला कोण सोडतं." आम्ही सांगत गेलो त्या लिहीत गेल्या. सोमवार ते शनिवार जवळजवळ सगळीकडे माझं आणि माझ्या आईचं नाव आलं, आणि रविवारी सकाळी स्विमिंग, नंतर त्याच्या आईकडे जेवण, तिथे बाबा आणि आजी. दोघंही गप्प झालो. कस्टडीचा आराखडा त्या कागदावरूनच झाला, वकिलांनी नंतर फक्त भाषा घातली.

कस्टडीबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे की मूल आईलाच मिळतं. कायदा एवढंच म्हणतो की पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे असावं, त्यापुढे मुलाचं हित हाच एक निकष. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती आणि त्याने अ‍ॅक्सेससाठी, म्हणजे तिला भेटता यावं म्हणून, अर्ज केला होता, त्यामुळे जज मॅडमनी तिला चेंबरमध्ये बोलावून एकटीला विचारलं, आम्ही नाही, वकील नाहीत. बाहेर येऊन ती म्हणाली त्यांच्याकडे पेढे होते. आत काय बोलणं झालं ते मी आजपर्यंत विचारलेलं नाही, काउन्सिलर मॅडमनी बजावून सांगितलं होतं आणि मला ते पटलं होतं. मुलांना घरी पढवून नेऊ नका प्लीज, लहान जीवाला दोन्हीकडची उत्तरं पाठ करायला लावणं वाईट आहे.

आता मुख्य गोष्ट, कन्सेंट टर्म्स, म्हणजे दोघांनी मिळून कोर्टाला लिहून द्यायच्या अटी. केस पुढे कलम १३ ब मध्ये म्हणजे परस्पर संमतीत बदलून घेतली. त्यानंतर जज तुम्हाला वाटणी करून देत नाहीत, तुम्ही जे लिहून आणाल ते वाचून, तुम्हाला समजलंय ना, दबाव नाही ना हे बघून डिक्रीत घेतात. म्हणजे जे लिहिलं नाही ते नाहीच. पहिल्या मसुद्यात आमच्याकडे एक ओळ होती, वडिलांना सुट्टीत निम्मे दिवस मुलगी भेटेल. माझ्या वकील मॅडमनी विचारलं कुठली सुट्टी, निम्मे म्हणजे पहिले की शेवटचे, लक्ष्मीपूजन कोणाकडे, भाऊबीज कोणाकडे? मग आम्ही बसून लिहिलं की एका वर्षी लक्ष्मीपूजन इकडे आणि भाऊबीज तिकडे, पुढच्या वर्षी उलटं, गणपतीचे दिवस त्याच्या घरी कारण गणपती त्यांच्याकडेच बसतो, मे महिन्याच्या तारखा एप्रिलच्या मध्यापर्यंत ईमेलने ठरवायच्या, एक आड एक शनिवार संध्याकाळ ते रविवार संध्याकाळ, शाळेची फी तो थेट शाळेत भरणार, मेडिक्लेम त्याच्या कंपनीतून चालू ठेवणार, पासपोर्टच्या फॉर्मवर सही अडवायची नाही, शहर बदलायचं झालं तर आधी लेखी कळवायचं. वाचायला कोरडं वाटतं पण या एकेका ओळीने पुढची कितीतरी भांडणं वाचली. आणि मुलांबद्दलची ऑर्डर कायमची दगडावरची रेघ नसते, परिस्थिती बदलली तर कोर्टात जाऊन बदलून घेता येते.

फ्लॅट आमचा दोघांच्या नावावर, कर्जही दोघांच्या नावावर. ठरलं असं की तो त्याचा हिस्सा माझ्या नावे करणार आणि उरलेले हप्ते मी भरणार. इथे लक्षात ठेवा, बँकेला तुमच्या घटस्फोटाशी काही देणंघेणं नसतं. तुम्ही आपसात काहीही लिहा, कर्जावर दोघांच्या सह्या आहेत तोपर्यंत बँक दोघांनाही धरणार. त्यामुळे बँकेत वेगळा अर्ज, माझ्या एकटीच्या पगारावर पुन्हा पात्रता, एनओसी, यात सगळ्यात जास्त वेळ गेला, कोर्टापेक्षा जास्त. आणि बक्षीसपत्र डिक्रीच्या आधी रजिस्टर केलं, कारण महाराष्ट्रात नवऱ्याने बायकोला राहतं घर बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, सेस आणि नोंदणीचा खर्च वेगळा, पण डिक्री झाल्यावर तुम्ही बायको राहत नाही. आमच्या दोन्ही वकिलांनी हा मुद्दा वेळेत काढला म्हणून बरं. तुमची अट वेगळी असेल तर आपल्या वकिलाला विचारूनच कागद करा.

टप्पेही लिहून घ्या, कोणती गोष्ट कधी द्यायची ते. संमती डिक्री होईपर्यंत कोणीही मागे घेऊ शकतं, सुप्रीम कोर्टाचा १९९१ चा निकाल आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंना धास्ती असते की मी दिलं आणि समोरचा फिरला तर. आमचं सोनं वकिलांच्या ऑफिसात ताब्यात दिलं गेलं. लग्नाचा अल्बम उघडून यादी केली होती, पाटल्या, तोडे, ठुशी, नथ, आणि आजीची मोहनमाळ. मोहनमाळेची पावती कुठून असणार, पण सीमंतपूजनाच्या फोटोत ती गळ्यात स्पष्ट दिसत होती. काटा मागवून प्रत्येक डाग तोलला, ग्रॅम लिहिले, दोघांनी सह्या केल्या आणि मिळाल्याची पुरशिस, म्हणजे तसं लेखी निवेदन, कोर्टात दिली. तो तोंड वळवून खिडकीतून बाहेर बघत होता, मला वाईट वाटलं, पण यादीवरून नजर हटवली नाही.

सहा महिन्यांच्या कूलिंग पिरियडबद्दल, म्हणजे परस्पर संमतीचा अर्ज केल्यावर थांबावं लागतं त्याबद्दल, विचारतात. २०१७ च्या अमरदीप सिंग निकालानंतर कोर्ट तो माफ करू शकतं, पण त्याला अटी आहेत. अर्ज करताना दीड वर्षाहून जास्त वेगळे राहत असायला हवेत, समेटाचे प्रयत्न होऊन गेलेले हवेत आणि पोटगी, कस्टडी, बाकीचे वाद खरोखर मिटलेले हवेत. आमचं सगळं कागदावर तयार होतं म्हणून माफी मिळाली.

शेवटच्या तारखेला पुकारा झाल्यावर आत पाच-दहा मिनिटं लागली असतील. फॅमिली कोर्टात वकील हा तुमचा हक्क नसतो, परवानगी काढावी लागते, ती मिळते सहसा, पण जज प्रश्न तुम्हालाच विचारतात, अटी वाचल्यात का, मान्य आहेत का, एकत्र राहण्याची काही शक्यता? तेव्हा टर्म्सची प्रत पुन्हा वाचूनच जा. पुढच्या तारखा ई-कोर्ट्स अ‍ॅपवर सीएनआर नंबर, म्हणजे आपल्या केसचा ओळख क्रमांक, टाकून दिसतात, त्यासाठी क्लार्कच्या मागे फिरायची गरज नाही.

नक्कल अर्ज करताना सर्टिफाइड कॉपी एकापेक्षा जास्त मागवा, बँक, सोसायटी, शाळा, पासपोर्ट सगळीकडे लागते. पीएफ, एलआयसी आणि बँक खात्यांचं नॉमिनेशन त्याच आठवड्यात बदला, डिक्रीने ते आपोआप बदलत नाही. आणि वकिलाची फी परवडत नाही म्हणून कोणी थांबली असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस जिल्हा कोर्टाच्या आवारात असतं, तिथे जा, मोफत वकील मिळतो आणि बायकांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, जाताना लग्नाचं सर्टिफिकेट, आधार आणि असतील तेवढे कागद सोबत न्या.