तुम्ही विचारलंत म्हणून: फुल सस्पेन्शन कुठली घेऊ?

ठाण्यात उपवनच्या तळ्याकाठी माझी फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे धक्के झेलणारी माउंटन बाइक, टेकवून उभं राहिलं की कुणीतरी येतंच. आधी सीट दाबून मागचा शॉक किती बसतो ते बघतात, मग किंमत विचारतात, ती ऐकून जरा गप्प होतात आणि मग मुद्द्यावर येतात: "मलाही फुल सस्पेन्शन घ्यायचीय. येऊर, खारघर, कधीतरी कर्जतकडे. सगळीकडे चालेल अशी कुठली घेऊ? एकदाची १६०वालीच घेऊन टाकू का?"

नका घेऊ. मागे १२० ते १३० मिमी, पुढे १३० ते १४०, एवढं आपल्याला पुष्कळ झालं.

हा आकडा म्हणजे ट्रॅव्हल, चाक वरखाली किती सरकतं ते. क्रॉस-कंट्री शर्यतीच्या सायकलींना तो १०० ते १२० असतो, ट्रेल सायकलींना साधारण १२० ते १५०, एंड्युरोला १५० ते १८० आणि निव्वळ डाउनहिलला २०० च्या आसपास. फ्लॅट बघायला गेल्यावर कार्पेट एरियाचं होतं तसंच इथे होतं: १३० बघितलं की १४० दिसतं, १४० बघितलं की १६०. पण १६०-१७० ची सायकल ज्या डोंगरांसाठी बनते तिथे माणसाला सायकलीसकट वर न्यायला लिफ्ट असते, नाहीतर गाडी. आपल्याला वर नेतात आपल्या मांड्या. येऊरला उपवनपासून डांबरी चढ, खारघरला फणसवाडी-चाफेवाडीकडे चढणारा रस्ता, तोही डांबरी. म्हणजे रविवारच्या राईडचा मोठा वेळ चढण्यात जातो, आणि तोही गुळगुळीत रस्त्यावर. तिथे जाड टायरची पंधरा-सोळा किलोची सायकल प्रत्येक पेडलला खाली बसते, वर येते, आणि उताराची हौस वनखात्याच्या चौकीपाशी पोचेपर्यंतच संपते. लॉकआउटची कळ असते हे खरं. पण ती शॉक कडक करते, वजन कमी करत नाही.

मग फुल सस्पेन्शन हवीच कशाला, साधी हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली, का नको? विचारणाऱ्या निम्म्या लोकांना मी हेच सांगतो. त्याच पैशांत हार्डटेलला ब्रेक चांगले येतात, फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचा धक्के झेलणारा चिमटा, चांगला येतो आणि वर दुरुस्तीला जवळजवळ काही नसतं. १९८१ साली स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजंपर ही माउंटन बाइक बाजारात आली तेव्हा तिला पुढेही सस्पेन्शन नव्हतं आणि मागेही नव्हतं. लोक तिच्यावरून डोंगर उतरलेच. पण आपला काळा पाषाण पायऱ्यापायऱ्यांचा आहे, मध्ये सुटा मुरूम, मध्ये मुळं. अशा जागी चढताना हार्डटेलचं मागचं चाक उडतं आणि पकड सुटते. फुल सस्पेन्शनचं चाक दगडाला चिकटून राहतं. लोकांना वाटतं मागचा शॉक उतारासाठी असतो. माझ्या मते त्याचे पैसे खडबडीत चढावर वसूल होतात. कंबर वाचते ती वेगळी, आणि चाळिशीनंतर तोही हिशेब धरावा लागतो.

डबल शॉकर नावाची जी स्वस्तातली सायकल दुकानाबाहेर टांगलेली असते, ती या चर्चेत धरू नका. तिच्या मागे नुसती स्प्रिंग असते. खऱ्या शॉकमध्ये तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं, धक्क्याची ताकद उष्णतेत जिरते आणि चाक ठरलेल्या गतीने परत येतं. त्या गतीलाच रिबाउंड म्हणतात. नुसती स्प्रिंग धक्का साठवते आणि पुढच्याच क्षणी तुमच्या बुडाला परत करते.

आता ज्याबद्दल कुणी विचारत नाही ते. दोन लाखांची सायकल घेऊन तिच्या शॉकमध्ये दुकानदाराने भरून दिलेली हवा वर्षभर तशीच ठेवणारे लोक मी बघितलेत. शॉकच्या चकचकीत दांड्यावर एक काळी रबरी रिंग असते. ती शोभेची नाही. ट्रेलला नेता ती पाठपिशवी, पाणी, हेल्मेट सगळं चढवा, भिंतीला हात टेकून सायकलीवर बसा, एकदोनदा हलून स्थिर व्हा. रिंग सरकवून शॉकच्या डबीला टेकवा आणि अलगद उतरा. रिंग जिथे राहिली तिथपर्यंतचं अंतर मोजा. हा सॅग. मागे तो २५ ते ३० टक्के यायला हवा, म्हणजे शॉकचा दांडा एकूण ५० मिमी सरकत असेल तर सुमारे १३ ते १५ मिमी. कमी आला तर हवा काढा, जास्त आला तर भरा. सुरुवातीला किती भरायची? कंपनीचा तक्ता नसेल तर आपलं वजन पौंडात जेवढं तेवढे पीएसआय; ७५ किलोच्या माणसाला १६५ च्या आसपास. चाकांचा पंप इथे उपयोगाचा नाही, शॉक पंप वेगळा मिळतो. सायकलीबरोबरच घ्या, दुकानदाराशी घासाघीस करून फुकटात पाडता आला तर उत्तम. हे दहा मिनिटांचं काम केलेली १२० ची सायकल, न केलेल्या १५० च्या सायकलीपेक्षा बरी चालते.

टायरवर खर्च करा. पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर कितीही ट्रॅव्हल असला तरी घसरायचं ते घसरताच. तिथे कामाला येतं मऊ रबर आणि कमी हवा. २.४ इंची टायर, ट्यूबलेस, आत २२ ते २६ पीएसआय. बाभळीच्या-बोरीच्या काट्यांची भोकं टायरमध्ये ओतलेलं सीलंट हे द्रव बुजवतं, फक्त आपल्या उकाड्यात ते लवकर सुकतं, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा ओतावं लागतं. ड्रॉपर सीटपोस्ट, म्हणजे चालवता चालवता कळ दाबून सीट खाली घेता येणारा दांडा, नसलेली ट्रेल सायकल आज घेऊच नका. बाकी चाक २९ इंची की २७.५ हा वाद मला कंटाळवाणा वाटतो. उंची बेताची असेल तर दोन्हींवर उभं राहून बघा, फ्रेमच्या दांडीवर अंतर पुरतंय का, हात ताणले जातायत का. ट्रेलवर उतरताना आपण उभेच असतो, त्यामुळे बसून केलेली टेस्ट राईड अर्धीच.

पाऊस हा आपल्याकडचा खरा खर्च. फ्रेमच्या मागच्या, हलणाऱ्या त्रिकोणात जेवढे सांधे तेवढी बेअरिंग, आणि लाल चिखल सगळ्यात शिरतो. घरी आल्यावर गाडी धुवायच्या जोरदार फवाऱ्याखाली सायकल धरू नका. तो फवारा चिखल बेअरिंगच्या आत ढकलतो आणि ग्रीस बाहेर काढतो. साधा पाइप, ब्रश, फडकं. सस्पेन्शन बनवणाऱ्या कंपन्यांपैकी रॉकशॉक्स फोर्कच्या खालच्या नळ्या चालवण्याच्या दर ५० तासांनी उघडून तेल बदलायला सांगते, फॉक्स १२५ तासांनी किंवा वर्षाने सगळी सर्व्हिस. म्हणून मी ब्रँड विचारायच्या आधी विचारतो, शॉक उघडणारा माणूस कुठे आहे? ठाण्यात, वाशीत, निदान मुंबईत? शॉक दुसऱ्या शहरात कुरिअर करून तीन आठवडे वाट बघायची असेल तर ती किंमतही सायकलीत धरा. शॉक नेहमीच्या मापाचा आहे की फक्त त्याच कंपनीचा बसतो, हेही बघा. डिरेलर हँगर, म्हणजे मागचा गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, यूडीएच या सामायिक मापाचा असेल तर बरं. स्रॅम या सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीने ते २०१९ मध्ये आणल्यापासून पुष्कळ फ्रेमना एकच हँगर चालतो. नसेल तर त्या फ्रेमचे दोन जादा हँगर पहिल्याच दिवशी मागून घ्या. दगडावर आपटून वाकणारी पहिली वस्तू तीच असते.

येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, एवढं ध्यानात असू द्या. डांबरी रस्ता सोडून झाडीत शिरायचं तर वनखात्याची परवानगी लागते, आणि अंधार पडल्यावर तो बिबट्याचा इलाखा आहे. खारघरला पावसाळ्यात पांडवकड्याकडे जायला बंदी असते.

नवी परवडत नसेल तर जुनी घ्यायला हरकत नाही, मुंबई-पुण्यात हौसेने घेऊन गॅलरीत ठेवलेल्या बऱ्याच निघतात. बघायला गेलात की फोर्कच्या आणि शॉकच्या चकचकीत दांड्यांवरून नख फिरवा. नख अडकलं तर तिथला ओरखडा सील खाणार आणि तेल गळणार. मग सीटला धरून सायकल जराशी उचला, पुन्हा टेकवा, पुन्हा उचला. हाताला आतून बारीक 'टक' लागलं तर शॉकचं बुश तरी गेलंय नाहीतर सांध्याचं बेअरिंग तरी. मालक "एवढं चालतंच" म्हणाला, तर बेअरिंगचा पूर्ण संच आणि मजुरी तिथल्या तिथे किमतीतून वजा करायला सांगा. नाही म्हणाला, तर नमस्कार करून निघा.