‘आन २’चा तिढा सुटला, पण ट्रे नव्याने लावावा लागणार

माझ्या जुन्या फ्रेंच नाण्यांच्या ट्रेमधल्या ज्या रिकाम्या खाचेचे रडगाणे गेल्या नोंदीत गायले होते, ती अखेर भरली. फ्रेंच क्रांतीच्या काळातले तराजू-छाप सोल (हलक्या किमतीचे फ्रेंच नाणे), तेही १७९३ हा आकडा नसलेले, हाती आले आणि ‘लुई ते नेपोलियन’ ट्रेमधला सर्वांत चिवट प्रश्न, म्हणजे नाण्यावरचे ‘आन २’ (फ्रेंचमध्ये ‘आन’ म्हणजे वर्ष) नेमके केव्हाचे, हा बराचसा मार्गी लागला. नाणे दिसायला सुमारच आहे. घंटेच्या धातूमुळे रंग पिवळट तपकिरी, काठाला एक चीर, आणि झीज इतकी की नाण्यावरच्या चित्रातल्या शिलेवरचे ‘कायद्यापुढे सर्व माणसे समान आहेत’ हे वाक्य तिरप्या प्रकाशातच वाचता येते. वजन ११.४ ग्रॅम भरले. ठरलेल्या सव्वाबारा ग्रॅमपेक्षा ते कमी आहे, पण चर्चच्या घंटा वितळवून घाईने पाडलेल्या नाण्यांत एवढी तूट नेहमीचीच.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी तिढा थोडक्यात सांगतो. माझ्याकडच्या २ सोलच्या नाण्यावर सोळाव्या लुईचा मुखवटा, १७९३ हे साल आणि ‘स्वातंत्र्याचे वर्ष ५’ असा मजकूर आहे. राजेशाही सप्टेंबर १७९२ मध्ये रद्द झाली आणि २१ जानेवारी १७९३ रोजी राजाचा शिरच्छेद झाला, तरी प्रजासत्ताकाचे ठसे तयार होईपर्यंत टाकसाळी जुन्याच ठशांवर काम भागवत होत्या, म्हणून हे चमत्कारिक नाणे. शेजारच्या खाचेत त्याच १७९३ सालाचे तराजू-छाप सोल आहे आणि त्यावर ‘आन २’ आहे. म्हणजे एकाच इसवी सनात एक नाणे पाचवे वर्ष सांगते आणि शेजारचे दुसरे वर्ष. पाचाचा हिशेब सोपा आहे, कारण स्वातंत्र्याची वर्षे १४ जुलै १७८९ च्या, बास्तीय तुरुंगावरच्या हल्ल्यापासून धरलेली आहेत आणि जानेवारी १७९२ च्या ठरावाने चौथे वर्ष १ जानेवारीलाच सुरू झाले असे मानले गेले. घोडे पेंड खात होते ते ‘आन २’पाशी.

प्रजासत्ताकाचे पंचांग २२ सप्टेंबर १७९२ पासून सुरू होते. त्या हिशेबाने दुसरे वर्ष २२ सप्टेंबर १७९३ ला लागते आणि १७९४ च्या सप्टेंबरात संपते. मग ज्या नाण्यावर १७९३ आणि ‘आन २’ दोन्ही आहेत, ते सगळे त्या वर्षाच्या शेवटच्या तीन-सव्वातीन महिन्यांतच पाडले गेले असे म्हणावे लागते, आणि हे मनाला पटत नव्हते, कारण बाजारात ही नाणी मुबलक दिसतात. सहा लिव्हर (तेव्हाचे फ्रेंच चलन) किमतीच्या ‘एक्यू’ या चांदीच्या नाण्यावरही हीच जोडी आहे.

उत्तर पंचांगाच्याच कायद्यात निघाले. नवे पंचांग ५ ऑक्टोबर १७९३ च्या ठरावाने आले आणि ते मागच्या तारखेपासून लागू केले गेले. त्याआधी मात्र प्रजासत्ताकाचे दुसरे वर्ष १ जानेवारी १७९३ पासूनच मोजायला सुरुवात झाली होती. म्हणूनच ठरावात वेगळे कलम घालावे लागले की, जानेवारी ते सप्टेंबर या काळात ‘दुसरे वर्ष’ म्हणून नोंदलेले दस्तऐवज पहिल्या वर्षातले समजावेत. दस्तऐवजांचे असे भागले, पण नाण्यावर एकदा उमटलेला आकडा कोण बदलणार? तेव्हा १७९३ असलेले ‘आन २’ जुन्या मोजणीचेही असू शकते, आणि इसवी सन गाळलेले माझे नवे सोल हे नवीन पंचांग अंगवळणी पडल्यानंतरचे मानायला भक्कम जागा आहे. दोन नाणी शेजारी ठेवली की तराजू तोच, टोपी तीच, फक्त खालचा १७९३ नाहीसा झालेला दिसतो. हा आनंद संग्राहकांनाच कळेल.

आता लेबलांचा प्रश्न. शकावरून इसवी सन काढताना ७८ मिळवायचे की ७९, हे महिन्यावर ठरते, तसेच इथे ‘आन’मध्ये १७९१ मिळवायचे की १७९२, हेही महिन्यावरच ठरते: सप्टेंबर ते डिसेंबर असेल तर १७९१, जानेवारीपासून पुढे १७९२. त्यात ३, ७ आणि ११ ही वर्षे सहा जादा दिवसांची आणि १८०० हे इसवी लीप वर्ष नाही, त्यामुळे वर्षारंभ २२, २३ आणि एकदा तर २४ सप्टेंबरला पडतो. एक्सेलमध्ये सूत्र बसवण्याऐवजी चौदा आरंभतारखांचे साधे कोष्टक केले, ते जास्त भरवशाचे वाटते. विक्रेत्यांच्या याद्यांवर मात्र विसंबू नका. अनेकजण ‘आन ४’ला डोळे मिटून १७९५ किंवा १७९६ लावतात, काठाचा फोटो देत नाहीत आणि मऊ पीव्हीसी फ्लिपमध्ये (प्लास्टिकच्या पाकिटात) नाणे पाठवतात. त्या फ्लिपने तांब्याच्या नाण्याला हिरवा चिकट थर चढतो. मायलार या प्लास्टिकची पाकिटेच घ्या.

हे लिहिता लिहिताच लक्षात येते आहे की ट्रे राजवटीनुसार लावणे मुळातच चुकीचे ठरणार. ‘आन १२’चे ५ फ्रँक घ्या. एकावर बोनापार्ट प्रथम कॉन्सल, म्हणजे प्रजासत्ताकाचा प्रमुख आहे, दुसऱ्यावर सम्राट नेपोलियन, वर्ष मात्र एकच, कारण १८ मे १८०४ ची साम्राज्याची घोषणा त्या ‘आन’च्या मध्येच आली. ज्यावर सम्राट आहे त्याची मागची बाजू ‘फ्रेंच प्रजासत्ताक’च म्हणते, आणि हा प्रकार १८०८ पर्यंत चालला, ‘फ्रेंच साम्राज्य’ १८०९ पासून दिसते. अशा नाण्याला कोणत्या राजवटीच्या खाचेत बसवणार? त्यापेक्षा वर्षमोजणीनुसार चार ओळी कराव्यात: नुसता इसवी सन, स्वातंत्र्याचे वर्ष, प्रजासत्ताकाचे ‘आन’, आणि १८०६ पासून पुन्हा इसवी सन. चौदाव्या लुईचा एक्यू पहिल्या ओळीत राहील, पण पंधराव्या लुईची चार नाणी डब्यात जातील. ती मला कधीच फारशी आवडली नव्हती.

पुढची खरेदीही त्यामुळे बदलली. साम्राज्याच्या उत्तरकाळातले ५ फ्रँक सहज मिळतात, त्यांची घाई नाही. ‘आन १४’ मात्र फक्त शंभर दिवस चालले, २३ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर १८०५, त्यामुळे तिसऱ्या ओळीचा शेवट त्याच नाण्याने व्हायला हवा. पॅरिसच्या टाकसाळीची ‘अ’ (A) ही खूणच हवी, असा हट्ट नाही. काठावरचा ‘देव फ्रान्सचे रक्षण करो’ हा मजकूर वाचता येण्याजोगा असला, म्हणजे पुरे. कोणाकडे असे नाणे जादा असेल तर पंधराव्या लुईच्या चार नाण्यांवर अदलाबदलीची माझी तयारी आहे.