जिना आधी, दुकान मग : पणजीच्या जुन्या पेठेतली आमची वाटचाल

पणजीत मळा या जुन्या वाड्यापासून फोन्ताइन्हास वाड्यापर्यंत आणि तिथून बाजाराच्या बाजूला फिरताना वरचा मजला बंद असलेली दुमजली घरे दिसतात. लोक म्हणतात छप्पर गेले, वारसांचे भांडण आहे. दोन्ही खरे असते. पण आम्ही आतून मापलेल्या घरांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळली. वर जाणारा जिना खालच्या दुकानाच्या पोटात गेलेला असतो.

मूळ घरात दर्शनी दालनातूनच वर जायची वाट असे. पुढे ते दालन दुकानाला भाड्याने गेले आणि जिनाही त्याबरोबर गेला. रात्री शटर पडले की वरच्या बिऱ्हाडाची ये-जा बंद. घरची माणसे एकेक करून पर्वरीला, ताळगावला फ्लॅटमध्ये गेली. वर आधी दुकानाचा माल साठला, मग तोही काढला गेला आणि राहिली ती वाळवी. म्हणून जुनी घरे दुरुस्त करणाऱ्या आमच्या छोट्या पेढीने ठरवले की जुन्या पेठेत काम घेतले तर पहिली रेघ जिन्याची मारायची. खाली दुकान, वर बिऱ्हाड ही जुनीच रीत आहे. ती पुन्हा चालू व्हायला वरच्या माणसाला रस्त्यावरून थेट स्वतःचे दार लागते.

दर्शनी रुंदी ६ मीटर आणि मजल्याची उंची ४ मीटर धरा. १८ सेंटिमीटरच्या थोड्या वर चढाच्या २२ पायऱ्या लागतात. पाय ठेवायला २५ सेंटिमीटर दिले तर सरळ जिना सव्वापाच मीटर लांब होतो. १ मीटर रुंदी आणि मधली भिंत मिळून दुकानाच्या दर्शनी भागातले सव्वा मीटरच्या आसपास जातात. दुकानदाराचे सुमारे साडेसहा चौरस मीटर कमी होतात आणि तो नाही म्हणणारच. त्याला मागची बंद खोली मोकळी करून द्यायची, जिन्याच्या उंच टोकाखाली त्याचे स्वच्छतागृह आणि कपाट बसवायचे, आणि भाडे उरलेल्या क्षेत्रफळावर धरायचे. ही बोलणी आराखड्याआधी व्हावी लागतात, नंतर जमत नाहीत.

वरच्या लाकडी जमिनीत जिन्यासाठी सव्वातीन मीटर लांबीचा छेद लागतो, नाहीतर चढताना डोके आपटते. जमिनीच्या तुळया साधारण ४५ सेंटिमीटरवर असतात. त्या जिन्याला समांतर असल्या तर दोन-तीनच कापाव्या लागतात, आडव्या असल्या तर सात-आठ. कापलेली टोके एका जोड तुळईवर टेकवायची, आणि त्या तुळईचा भार जिन्याच्या मधल्या भिंतीतल्या खांबांवर येतो. इथेच घोटाळा होतो. ती भिंत 'नुसती आडभिंत' समजून जुन्या लाद्यांवर उभी केली जाते. दोन पावसाळ्यांत ती खचते, वरची जमीन बशीसारखी होते, दारे घासू लागतात. आमच्याकडून सुरुवातीच्या एका कामात हेच झाले. सगळे उचलून, टेकू देऊन पुन्हा पाया घालावा लागला. आता त्या भिंतीला ४५ सेंटिमीटर रुंद चिऱ्यांचा (जांभ्या दगडांचा) स्वतंत्र पाया घातल्याशिवाय तुळईला करवत लावत नाही.

पाया खणताना पणजीची जमीन काय आहे ते कळते. राजधानीचा दर्जा पणजीला १८४३ साली मिळाला, पण त्याआधीच, १८२७ ते १८३५ या काळात पोर्तुगीज राज्यकर्ते मानुएल द पोर्तुगाल इ कास्त्रो यांच्या कारकिर्दीत इथल्या दलदली भरून सरळ रस्ते आखले गेले. खालच्या पेठेतला बराच भाग भरावावर आहे. थोडे खणले की पाणी लागते, आणि भरती-ओहोटीप्रमाणे ते वर-खाली होते. म्हणून पायाचे खणकाम फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, ओहोटीची वेळ पाहून करावे. खड्डा उघडा ठेवून घरी जाऊ नये. सकाळपर्यंत कडा ढासळतात आणि शेजाऱ्याच्या भिंतीखालची माती सुटते.

भिंती चिऱ्याच्या, ४५ ते ६० सेंटिमीटर जाडीच्या, मातीत किंवा चुन्यात बांधलेल्या. चिरा सच्छिद्र असतो. पाणी पितो आणि सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा केला की पाणी सुटायची वाट बंद होते. ओल वर चढते, लोणा (मिठाचा पांढरा थर) फुटतो आणि रंगाचे पापुद्रे निघतात. दरवर्षी चवथीआधी रंग लावून दरवर्षी नासणाऱ्या भिंतींचे कारण बहुतेक हेच. आम्ही सिमेंट खरवडून काढतो, भिंत एक पूर्ण उन्हाळा उघडी सुकवतो आणि चुन्याचा गिलावा करतो. कळीचा चुना भिजवून किमान महिनाभर मुरवायचा. एक भाग चुना, तीन भाग रेती, पहिला थर १२ मिलिमीटर, दुसरा त्याहून पातळ. समुद्राची रेती कधीच वापरू नये, तिच्यातले मीठ भिंतीत कायमचे राहते. थरांवर आठवडाभर ओले गोणपाट ठेवायचे आणि रंगाआधी सहा ते आठ आठवडे थांबायचे. नेमके इथेच मालकाचा धीर सुटतो, आणि प्लास्टिक रंगाचा डबा मारून सगळी मेहनत वाया जाते.

नवा चिरा घ्यायचा तर एक दगड २५ ते ३० किलोचा धरा. खाणीतून काढलेला चिरा मऊ असतो, हवेत ठेवला की टणक होतो. आणला आणि लगेच लावला असे करू नये. अरुंद गल्लीत ट्रक शिरत नाही. छोट्या टेंपोने पहाटे आणायचा आणि राडारोडा गोणीत भरून न्यायचा. हा खर्च अंदाजपत्रकात वेगळा लिहिला नाही तर शेवटी तोच बोचतो.

भिंतीत जाणारे तुळईचे टोक हा घराचा सगळ्यात नाजूक भाग. बाहेरून तुळई ठणठणीत दिसते. हातोडीने वाजवत भिंतीकडे सरका; शेवटच्या वितीत आवाज बद्द झाला की आत कुजलेले आहे. पातळ पटाशी घुसवून पाहा, लोण्यासारखी गेली तर तेवढा भाग गेलाच. पूर्ण तुळई बदलायची गरज क्वचितच पडते. कुजलेला भाग आणि त्यापुढचे हातभर निरोगी लाकूड कापायचे, त्याच जातीचे सुकलेले लाकूड (मट्टी असेल तर मट्टी, सागवान असेल तर सागवान) तिरप्या सांध्याने जोडायचे, दोन्ही बाजूंना स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या आणि बोल्ट. साधे लोखंड मांडवीच्या खाऱ्या हवेत गंजून फुगते आणि लाकूड फाडते. भिंतीच्या खोबणीत टोकाखाली कठीण दगडाची पाटी द्यायची आणि तिन्ही बाजूंना बोटभर मोकळी हवा ठेवायची. तुळई पुन्हा चुन्यात गाडली तर कूज पुन्हा तिथेच सुरू होते.

लाकडी जमीन काढून स्लॅब टाकण्याचा सल्ला सगळीकडून येतो. १२ सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ३०० किलो. लाकडी जमिनीच्या कितीतरी पट. मातीत बांधलेल्या भिंतीला ते पेलायला लावू नये. भाराच्या हिशोबातही घर वर आणि दुकान खाली हेच बरोबर बसते, कारण भारतीय मानकाप्रमाणे घरासाठी दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो वापरभार धरतात, दुकानासाठी ४००. वर गोदाम करायला परवानगी द्यायचीच नाही, हे भाडेकरारात लिहावे.

दुकानदाराला मोठी काच हवी असते. दोन दारांमधला चिऱ्याचा खांब काढला की वरच्या भिंतीत तिरकी चीर जाते. काढायचाच असेल तर आधी भिंतीतून आडवे टेकू घालून भार उचलायचा, मग लोखंडी तुळई, दोन्ही टोकांना किमान २० सेंटिमीटर बसणारी. आम्ही शक्यतो दारे तशीच ठेवतो आणि काच आतल्या बाजूने बसवतो. खाली खाद्यपदार्थांचे दुकान असेल तर धुराचे नळकांडे मागच्या बाजूने आढ्याच्या वर न्यायचे, आणि दुकानाच्या छतावर आगरोधक बोर्डाचे दोन थर द्यायचे, एकाचे सांधे दुसऱ्याखाली न येता. उघड्या लाकडी जमिनीखाली गॅसची शेगडी पेटवू देऊ नये.

छपराचा हिशोब सोपा आहे. ६ बाय १२ मीटरच्या घराला ३० अंशांच्या उतारावर सुमारे ८३ चौरस मीटर छप्पर होते. चौरस मीटरला १५ मंगळुरी कौले धरली तर साडेबाराशे, मोडतोडीसाठी दहा टक्के जास्त. जुनी चांगली कौले रस्त्याच्या बाजूला, नवी मागे. कौले मेच्या मध्यापर्यंत चढलीच पाहिजेत. जूनमध्ये प्लास्टिकच्या ताडपत्रीवर भरवसा ठेवून छप्पर उघडे ठेवणे म्हणजे नुकताच सुकवलेला चुना पुन्हा भिजवणे. शिंपल्यांच्या जुन्या खिडक्या (काचेऐवजी पातळ शिंपल्या बसवलेल्या) असल्या तर एकेक शिंपली जपून काढा. ही शिंपली वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येते, नवी गोळा करता येत नाही.

खालच्या पेठेतल्या पाण्याबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण दुकाने बंद पडण्यामागे ते मोठे कारण आहे. मांडवीला मोठी भरती आणि जोराचा पाऊस एका वेळी आला की गटारांना पाणी सोडायला जागा उरत नाही, आणि ओरेम खाडीलगतच्या व १८ जून रस्त्याच्या बाजूच्या सखल भागांत ते उलटे येते. त्यातच जुना थर न खरवडता नवे डांबर पडत गेल्याने रस्ता दर खेपेला थोडा वर येतो. एके काळी दोन पायऱ्या असलेले जोते आज रस्त्याला टेकलेले दिसते. मग उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना खाच करून त्यात पावसाळ्यापुरती फळी बसवायची, तळाशी रबराची पट्टी. विजेचे बोर्ड ९० सेंटिमीटरच्या वर. तळाची कपाटे प्लायवूडची नकोत. स्वच्छतागृहाच्या नळीला उलट-झडप, आणि ती दर मेमध्ये उघडून साफ करायची. एक प्लास्टिकची पिशवी अडकली की झडप असून नसल्यासारखी. वरच्या बिऱ्हाडाचे न्हाणीघर मागच्या भिंतीजवळ ठेवून नळ्या बाहेरून उतरवतो. चिऱ्याच्या भिंतीत खाच मारून नळ गाडला की गळती वर्षभर कळत नाही.

कागदपत्रांना बांधकामापेक्षा जास्त वेळ जातो. शहरात पी.टी. शीट आणि चलता नंबर (नगर मोजणीचा नकाशा आणि त्यातला भूखंडाचा क्रमांक), त्याबरोबर पोर्तुगीज काळातील नोंदणीचे वर्णन आणि मात्रिझ (मालमत्ताकराची जुनी नोंद). तिन्हींतले क्षेत्रफळ जुळतेच असे नाही. १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेची विवाहविषयक रीत इथे चालत असल्याने, लग्नाआधी वेगळा करार नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक. म्हणजे प्रत्येक वारसाबरोबर त्याच्या जोडीदाराचीही सही. वारस लिस्बनला असेल तर मुखत्यारपत्र अपोस्टिल (दुसऱ्या देशात चालावे म्हणून तिथले सरकारी प्रमाणन) करून मागवता येते. खाली जुना भाडेकरू असेल तर १९६८ चा भाडे कायदा आहे. त्याला हुसकावण्याचा विचारही आम्ही करत नाही. तात्पुरती जागा आणि त्याच दारात परत येण्याचा लेखी करार, हेच सगळ्यांना परवडते. संवर्धन क्षेत्रात दर्शनी भागाला हात लावण्याआधी मंजुरी घ्यावी लागते. कौले उतरवल्यावर अर्ज केला तर पावसाळा गाठतो. पाडून नवे बांधण्याचा मोह झाला तर आधी बाजूचे मोकळे अंतर आणि वाहनतळ सोडून काय उरते ते काढून पाहावे. ६ मीटर रुंद भूखंडावर बहुधा जुन्या घराइतकी जागाही उरत नाही.

दुकान कोणाला द्यायचे? पर्यटकांच्या वस्तूंचे दुकान जास्त भाडे देते, पण जून ते सप्टेंबर त्याचे शटर खाली असते. तीन गाळ्यांपैकी एक तरी रोजच्या गरजेचा, कमी भाड्याने का होईना: पोदेर (पाववाला), किराणा, औषधे, शिंपी. वरचे बिऱ्हाड महिन्यांच्या करारावर द्यावे, रात्रींच्या हिशोबाने नाही. रोज बदलणाऱ्या पाहुण्यांना गल्लीतले गटार तुंबले तरी तक्रार करायचे कारण नसते. तिथे राहणाऱ्याला असते. वर माणूस राहायला आल्यावरच खालचा गाळा देतो. रोजचा गिऱ्हाईक वर आहे हे पाहून चांगला दुकानदार मिळतो.

वीजजोडणीत मीटर दोन घेतो, दुकानाचा वेगळा आणि घराचा वेगळा. जिन्याच्या दाराबाहेरचा दिवा घराच्या मीटरवर जोडतो. दुकानाच्या मीटरवर असला तर रात्री नऊला दुकानदार मुख्य स्विच पाडून जातो आणि वर येणारा माणूस अंधारात कुलूप चाचपत राहतो.