जाळीची ढाल, पाचवी खेप: काळं सापडलं!

थडग्यावरच्या कोरीव शिळेवर जाळीची नक्षी असलेली एक ढाल आहे, रंग उडालेली; ती कुठल्या घराण्याची हे मी रंगावरून शोधतोय. आणि आता मोहरीएवढा काळा ठिपका, जाळीच्या खाचेत, भिंगाखाली. स्टॅफर्डशरमधल्या त्या गारठलेल्या चर्चमध्ये, फरशीवर गुडघे टेकलेल्या अवस्थेत मला इतका आनंद झाला की दोन मिनिटं फोटो काढायचंही सुचलं नाही. पांढऱ्यावर काळी जाळी, ढालींच्या भाषेत आर्जंटवर सेबल फ्रेटी, म्हणजे हॅडनचं व्हर्नन घराणं!

घरी पोचेपर्यंत शंका आलीच. डांबरासारखं काळं भरण या शिळांवर सगळीकडेच घालत: चेहऱ्याच्या रेषेत, झग्याच्या चुण्यांत, अक्षरांत. रेषेतला काळा रंग कुळाबद्दल काहीच सांगत नाही. पुन्हा तेच तीन दावेदार: व्हर्नन, ऑल्टनचे व्हर्डन (ऑरवर ग्यूल्स, म्हणजे सोनेरीवर लाल जाळी) आणि ऑडली (ग्यूल्सवर ऑर, म्हणजे लालवर सोनेरी). रंग उडाला की तिघांची ढाल एकच. उभ्या-आडव्या रेघांवरून रंग वाचायची पद्धत सतराव्या शतकातली, तिचा इथे उपयोग नाही.

म्हणून शनिवारी आरटीआयचं (वेगवेगळ्या बाजूंनी उजेड टाकून फोटो काढायचे आणि त्यावरून पृष्ठभागाचे उंचसखल वाचायचे) सामान घेऊन परत गेलो. (ओला कागद थापून ठसा का घेत नाही, असं शिलालेखवाल्या दोघांनी विचारलं होतं. ही शिळा अलाबास्टरची, म्हणजे जिप्सम. नखाने ओरखडा उठतो, पाण्यात हळूहळू विरघळतं. ओला कागद लावायचाच नाही.) कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट, ढालीशेजारी दोन चकचकीत काळे गोळे, मीटरभर दोरीने अंतर मोजत टॉर्चच्या 52 जागा. त्यासाठी दिवे बसवलेला महागडा घुमट विकत घेऊ नका, दोरी पुरते. अलाबास्टरमध्ये उजेड आत मुरतो आणि सावल्या पुसट होतात, त्यामुळे अगदी जमिनीलगतच्या कोनाचे फोटो जास्त घ्या.

आणि दिसलं! जाळीची पट्टी नुसत्या दोन रेषांनी आखलेली नाही, पूर्ण रुंदीभर खोल उतरवली आहे. तळ मुद्दाम खडबडीत, भरण धरून राहावं म्हणून. मधले चौकोन मात्र दगडाच्या मूळ पातळीवर. म्हणजे रंग जाळीला होता, ढालीच्या जमिनीला नाही. माझ्या मते ऑडली इथेच बाद. व्हर्डनांची मुख्य शाखा 1316 मध्ये थिओबाल्डबरोबर संपली, आणि कडेचा लेख ब्लॅकलेटरमध्ये (टोकदार गॉथिक अक्षरांत) आहे, तो चौदाव्या शतकाच्या मध्याआधीचा वाटत नाही. शिवाय माझा ठिपका बरोबर त्या खडबडीत तळावर आहे!

पण तो ठिपका हीलबॉलचा, म्हणजे ठसे घ्यायच्या काळ्या मेणाचा, असला तर? आधी कुणी शिळेवर कागद ठेवून मेण घासत ठसा घेतला असेल, तर काळं मेण नेमकं अशाच जागी अडकतं. खरवडून बघणं माझ्या हातून होणार नाही.

इथपर्यंत लिहिताना पुढचा बेत सतराव्या शतकातल्या ॲशमोल या जुन्या वस्तूंच्या अभ्यासकाची टिपणं बघायचा होता. 1662 मध्ये तो घराण्यांच्या ढाली नोंदवणाऱ्या डगडेलबरोबर डर्बीशर हिंडला, त्याचे कागद ऑक्सफर्डला बॉडलियन ग्रंथालयात आहेत. पण आमचं चर्च सीमेच्या अलीकडे. त्यापेक्षा शिळेचा पायाकडचा भाग बाकांच्या लाकडी चौथऱ्याखाली गेलाय, तिथे दुसरी ढाल असणार. तिच्यावर चौथरा बसल्यापासून कुणी मेण घासलेलं असणं शक्य नाही. फळ्या उचलायच्या तर फॅकल्टी, म्हणजे चर्चची अधिकृत परवानगी, लागेल, पण कडेला दोन बोटांची फट आहे. फोनला जोडायचा एंडोस्कोप तिच्यातून सहज जाईल. चर्चच्या वॉर्डनबाईंना आजच लिहितो.