ट्रोल कोण होतो?
आज दिवसभर ट्रोलिंगवरील संशोधन वाचत होते आणि २०१७ मधील स्टॅनफर्ड व कॉर्नेल विद्यापीठांच्या प्रयोगापाशी बराच वेळ थांबले. सहभागींपैकी काहींना सोपी चाचणी दिली होती, तर काहींना मुद्दाम अवघड देऊन त्यांचा मूड बिघडवला होता; मग सर्वांना एका लेखाखाली प्रतिक्रिया लिहायला सांगितले, जिथे काहींच्या समोर आधीपासूनच ट्रोलिंगच्या प्रतिक्रिया होत्या. मूड चांगला आणि चर्चा सभ्य असताना ३५ टक्के प्रतिक्रिया ट्रोलिंगच्या ठरल्या (हेच मुळात अस्वस्थ करणारे आहे), तर दोन्ही बिघडल्यावर ते प्रमाण ६८ टक्क्यांवर गेले. इतरांना छळण्यात आनंद मानणारे लोक असतातच. तरीही चर्चेतील पहिली विखारी प्रतिक्रिया वेळीच हटवणे मला फार निकडीचे वाटते, कारण तिच्या सुरात सूर मिसळणारे अनेक जण त्या दिवशी केवळ वैतागलेले असतात.