सेवण शोधायची तर आधी वाळू बघा

जैसलमेरला लोक किल्ला आणि समचे धोरे, म्हणजे वाळूच्या टेकड्या, बघायला जातात. मी ऑक्टोबरमध्ये गेलो ते एका गवतासाठी. सेवण, शास्त्रीय नाव लॅसियुरस सिंडिकस. आपल्याकडे सोलापूरजवळ नान्नजला माळढोक पक्ष्यामागे हिंडताना गवतं ओळखायचा नाद लागला, आणि थारच्या वाळवंटातल्या माळढोकाच्या घरचं गवत एकदा डोळ्यांनी बघायचंच होतं.

पहिला अर्धा दिवस वाया गेला, माझ्याच हट्टामुळे. सपाट, खड्याखड्यांची कडक जमीन दिसली की मी जीप थांबवायला लावायचो. तिथे काय, गुडघ्याखालचं लांप गवत आणि लाण्याची झुडपं. शेवटी जीपवाला म्हणाला, "साहब, पहले रेत देखो, घास बाद में." सेवणीला खोल, मोकळी वाळू लागते. खुरी गावाच्या बाजूला दोन धोऱ्यांमधल्या सखल वाळवटात उतरलो आणि कमरेएवढे ठोंब लांबपर्यंत दिसले. प्रत्येक ठोंबाच्या बुडाशी वाळूचा छोटा उंचवटा, कारण मुळं ती धरून ठेवतात. वर्षाला 250 मिलिमीटरपेक्षाही कमी पावसात हे बहुवर्षायू गवत टिकतं, म्हणून ठोंब वाळका दिसला तरी मेला असं समजू नका.

ओळख पटवायची ती कणसावरून. वाळलेली, पांढरट, रेशमी केसांची लव असलेली लांबट कणसं. उन्हाकडे तोंड करून बघितली तर चांदीसारखी चमकतात. खाली पडलेलं एक तळहातावर घेऊन अंगठ्याने दाबलं, तर सांध्यासांध्यातून सुटून कापसासारखे पुंजके झाले. भिंगाखाली एका सांध्यावर सहसा तीन कणिशकं (कणसाचे सुटे बारीक घटक): दोन बिनदेठाची, एक देठाची. फसवतो तो मुरट, तिथलंच दुसरं गवत. त्याचाही असाच झुडूपवजा, काटक ठोंब असतो, पण तुरा फाटे फुटलेला, मोकळा, आणि लव नाही. धामण गवत तर सोपं, बाटली धुवायच्या ब्रशसारखं कणीस.

भिंग काढायला जीपकडे गेलो तेवढ्यात एका थारपारकर गायीने माझा निवडलेला ठोंब अर्धा संपवला. चाऱ्याची पारख तिला माझ्यापेक्षा बरी.

जाणार असाल तर पावसानंतर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. कणसं तेव्हा सापडतात. चालायचं ते सकाळी दहाच्या आत. डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये (3162 चौरस किलोमीटर, 1980 पासून) शिरायला वनखात्याची परवानगी जैसलमेरलाच काढून ठेवा, आणि सीमेकडच्या रस्त्यांवर कुठवर जाता येतं तेही तिथेच विचारा. आत काहीही उपटायचं नाही, वाट सोडायची नाही: माळढोक उघड्या जमिनीवर अंडं घालतो, तेही बहुधा एकच. कालव्याचं पाणी पोचलेल्या भागात सेवण शोधू नका, तिथे आता नांगरट आहे.

आणि लोकरी मोजे नकोत. भुरट गवताची काटेरी बोंडं अशी रुततात की आपली कुसळं परवडली. बारीक दातांचा कंगवा खिशात ठेवा, हाताने काढायला गेलात तर बोटांत जातात. माझे मोजे मी जोधपूरला टाकून आलो.